साठ ते सत्तर

अकराला पाच कमी होते आणि कवळीवाल्याचा मुलगा दुकानाच्या मागच्या दाराची कडी तिसऱ्यांदा काढत होता. काढायची, घाम पुसायचा, परत लावायची. काल भाईने त्याला पहिलं काम दिलं होतं, तेही कानात.

"उद्या अकराला तुझ्या बापाच्या दुकानाची मागची कडी काढून ठेव. कुणाला बोलायचं नाही."

मागच्या दाराने, तेही गुपचूप! म्हणजे बाबांचं काही खरं नव्हतं.

गेले सहा महिने मुलगा भाईच्या गॅरेजमध्ये पडीक होता. भाईच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं, एवढंच त्याचं स्वप्न. भाई कधी ओरडत नसे. ओठ जेमतेम हलवून बोले, आणि समोरचा गार पडे. हसू आलंच तर नाकातून. बिस्किटसुद्धा चहात पार मऊ करून, सावकाश खायचा, जसं काही जगात त्याला घाई करणारा कुणी जन्मलाच नाही. त्याची चार माणसंही तशीच बोलत, तशीच खात. मुलाने सगळं उचललं होतं. घरी आई वैतागायची, "ओठ शिवलेत का रे तुझे?" बाबा चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "दात दुखतोय का?"

आता अशा बाबांचा कुणी आदर्श ठेवायचा? दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा माणूस. येईल त्याला "या, बसा." नखांत कायम प्लास्टर. परीक्षा संपल्याबरोबर त्यांनी मुलासाठी एक पांढरा ॲप्रन शिवून आणला आणि आपल्या ॲप्रनशेजारच्या खिळ्याला टांगला. मुलाने त्याला बोटही लावलं नव्हतं. ॲप्रन घातलेला गुंड कुणी पाहिलाय?

पुढच्या खोलीत बाबा काम करता करता गुणगुणत होते. नेहमीसारखंच बेसूर. एरवी गिऱ्हाइकांसमोर त्या गुणगुणण्याची मुलाला लाज वाटे. आज मात्र ते थांबू नये असं त्याला वाटलं.

त्याने कडी लावली. दाराला स्टूल लावलं. बाबांचा लाकडी हातोडा उचलला आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. गेली ती पुढची सीट, गेला तो भाई.

दारावर थाप पडली. एकदा, मग दोनदा.

प्लास्टरने माखलेले हात घेऊन बाबा आत आले. "अरे, उघड की! अकराची वेळ दिलीय मी त्यांना."

"बाबा, पळा!"

"कुठे पळू? प्लास्टर सुकेल ना!"

त्यांनी कोपराने स्टूल सरकवलं, मुलालाही सरकवलं आणि कडी काढली. भाई एकटाच आत आला. इकडेतिकडे न बघता थेट खुर्चीत बसला. बाबांनी हात धुतले.

"उघडा तोंड."

भाईने तोंड उघडलं. बाबांनी दोन बोटं आत घातली आणि वरचे दात काढले, मग खालचे. भाईचा चेहरा रिकाम्या पिशवीसारखा खाली बसला. मुलाच्या हातातला हातोडा गळून पडला.

"आता पाहिलंसच तर ऐक, पण बाहेर बोलायचं नाही. या खुर्चीतलं या खुर्चीतच राहतं," बाबा म्हणाले. "ही आठ वर्षांपूर्वीची कवळी. हिरड्या झिजल्या, कवळी सैल झाली. ओठ उघडले की घसरते. हसायची सोय नाही, चावायची सोय नाही. नवी करून घ्या म्हणून किती वर्षं मागे लागलोय, पण ऐकतील तर शपथ!"

मुलाला ते मिटलेले ओठ आठवले. नाकातलं हसू आठवलं. मग ते चौघे डोळ्यांसमोर आले. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेले चार दांडगे बाप्ये, आणि वर्षानुवर्षं बिस्किटं भिजवून खात होते! त्यांच्या पंगतीला सहा महिने तो स्वतः होता.

बाबांनी नवी कवळी बसवली. "आता म्हणा, साठ ते सत्तर. 'स' म्हणताना शिट्टी वाजली तर मी थोडं घासतो."

भाईने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि शाळेतल्या पोरासारखं सुरू केलं. "साठ, एकसष्ट, बासष्ट..." सत्तर झाले. भाईने जबडा हलवून बघितला. मग ओठ चांगले उघडून, मुलाने कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात तो बोलला.

"मास्तर, तुमच्या पोराने मला दाराबाहेर ठेवलं! मला! वर हातात हातोडा! माझ्या चौघांत एकाची असली छाती नाही. आजपासून हा माझ्या गाडीत. पुढच्या सीटवर."

बाबांनी घासायला घेतलेली कानस खाली ठेवली. चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "मला काय विचारता?" ते हळूच म्हणाले. "त्याला विचारा."

मुलाने भाईकडे पाहिलं. मग तो खिळ्यापाशी गेला आणि ॲप्रन काढून डोक्यातून घातला. नाड्या लांब होत्या, कमरेला दोन वेढे द्यावे लागले. मग तो येऊन खुर्चीसमोर उभा राहिला.

"भाई, सहासष्टला शिट्टी वाजली. परत म्हणा."

भाईने डोळे वटारले आणि बाबांकडे पाहिलं.

"वाजली खरी," बाबा म्हणाले.

भाईने हात गुडघ्यांवर ठेवले.

"साठ," तो म्हणाला.