खुणेची चिंधी

घोडा चढ चढेना, तसा आर्विद खाली उतरला आणि लगाम शरशेनच्या हातात देऊन पायीच निघाला.

"डोंगर कुठं पळून जात नाही, साहेब," शरशेन मागून म्हणाला. "तुमचा दम मात्र जाईल."

आर्विद थांबला नाही. मे महिन्यात या उतारावर त्याला ट्यूलिपची मूठभर फुलं दिसली होती. पांढरी, आतून जांभळी, कुठल्याच पुस्तकात नसलेली. पण फुलावर आलेला कांदा उपटला तर जगत नाही. पानं वाळेपर्यंत थांबावं लागतं. नंतर जागा सापडावी म्हणून त्यानं शेजारच्या झुडपाला लाल चिंधी बांधली आणि वाटाड्या शरशेनला राखण करायला सांगितलं. आता ऑगस्ट सरत आला होता. आजवर त्यानं पीटर्सबर्गच्या शास्त्रज्ञांना पाठवलेली प्रत्येक वनस्पती आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर निघाली होती. ही त्याच्या नावावर लागणार होती.

"माझ्यासारखाच कांदे शोधत फिरणारा तो डचमन आला होता का रे?"

"येऊन गेला."

आर्विदचे पाय थबकले. "आणि?"

"हात हलवत परत गेला. चला, दाखवतो."

वळण संपलं. झुडपाची फांदी न् फांदी चिंध्यांनी भरली होती. खाली दगडांचा ढीग, ढिगावर मेंढ्याची शिंगं.

"आम्ही झुडपाला चिंधी कुठं बांधतो? पिराच्या जागी, नवस बोलताना." शरशेन मिशीत हसला. "डचमन येतोय कळलं, तशा तुमच्या चिंधीशेजारी मी आणखी चार बांधल्या, दगड रचले. पुढचं मेंढपाळांनी केलं. डचमननं खणायला सांगितलं, तर त्याचेच हमाल पळाले."

"आणि खाली पुरलंय कोण?"

"कोण असणार? तुमचे कांदे."

आर्विद डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. त्यानं शरशेनला मिठीच मारली. "लबाडा, तुला वजीरच करायला हवं."

"वजिराला घोडे हाकावे लागत नसतील, तर करा."

आर्विदनं खोगिराला बांधलेली कुदळ सोडली, धावत जाऊन झुडपापाशी गुडघे टेकले. मान वर केली, तर शरशेन बूट काढून, दोन्ही तळवे उघडून उभा होता. ओठ हलत होते.

"अरे, इथं कुणी बघत नाहीये. नाटक पुरे."

शरशेननं दुआ संपवली, चेहऱ्यावरून हात फिरवले. मग पुढं होऊन अनवाणी पाय कुदळीच्या पात्यावर ठेवला.

"जूनमध्ये माझ्या बायकोनंही इथं एक चिंधी बांधली, साहेब," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी तिला दिवस गेलेत."