अरेतुरे

“मुलगी तुम्हाला अरेतुरे करते,” अधिकारी बाई म्हणाल्या. “खालच्या मजल्यावरून तक्रार आली आहे. ‘मर तू’ असं ओरडली म्हणे.”

“ओरडली,” काकू म्हणाली. “मीही ओरडले. म्हटलं, मरायला सवड नाही, आधी हे गणवेश शिवून होऊ देत.”

बाई हसल्या नाहीत. त्यांना हसता येतं याचा पुरावा काकूला आजवर मिळालेला नव्हता.

ज्यांना सांभाळणं आईबापांना जमत नाही, अशी पोरं काकू आपल्या घरात ठेवून घ्यायची. त्यासाठी सरकारची मंजुरी लागायची. ती चालू ठेवायची की काढून घ्यायची, हे दरवर्षी येऊन बाई ठरवायच्या. मंजुरी गेली की पोरगीही गेली, त्याच संध्याकाळी, दुसऱ्या कुणाच्या तरी दारात. म्हणून काकूला बाईंचा मनस्वी राग यायचा, आणि तो गिळावा लागतो याचा त्याहून जास्त.

आज सुरुवातच वाईट झाली होती. बाई दारात पोरीच्या बुटांना अडखळल्या. पाणी नको म्हणाल्या. शिलाई मशीनजवळच्या खुर्चीवर टाचण्या नाहीत ना, हे हाताने चाचपून मगच टेकल्या. त्याआधी कपाट उघडून झालं होतं, खिडकीच्या कड्या हलवून झाल्या होत्या. आता नेहमीचा प्रश्न आला.

“आई म्हणायला शिकवत नाही ना तिला?”

“नाही.”

“तिची आई आहे. त्या शब्दावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. नियमच आहे तसा.”

“पाठ आहे मला तुमचा नियम. एकदाही म्हणालेली नाही ती.”

“याआधी ती दोन घरांत राहिली,” बाई पुढे म्हणाल्या. “दोन्हीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. लहानथोर सगळ्यांना तुम्ही म्हणायची. ऑफिसात आईची भेट असते ना, तेव्हा तेवढी आईवर तोंड टाकते. ‘तू आली नाहीस, तू खोटारडी आहेस.’ मी समोरच बसलेली असते. पण बाकी कुणाला कधी उलटून बोलली नाही. तुमच्याकडे आली आणि बिघडली.”

काकूच्या ओठांवर पुष्कळ काही आलं. इथे आली तेव्हा पोरगी मांजरालासुद्धा तुम्ही म्हणायची. ‘तुम्ही इथे बसला आहात, मग मी तिकडे बसू का?’ काकू तेव्हा खो खो हसली होती आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. कितीतरी दिवस पोरगी घरात पाहुण्यासारखी वावरली. उशी घ्यायची तरी विचारून घ्यायची. मग एकदा वेणी घालताना केस ओढले गेले आणि ती फिस्कारली, ‘तू मुद्दाम ओढतेस!’ त्या दिवशी काकूने तिचं नाव ठिणगी ठेवलं. पण हे असलं बाईंना सांगायचं कुठल्या तोंडाने? त्यांना कड्या हव्या होत्या, कपाटं हवी होती.

“बिघडली असेल,” काकू तुटकपणे म्हणाली. “राहू द्या बिघडलेली.”

“ते मी ठरवीन. बोलवा तिला.”

ठिणगी आतून आली. तिने आधी बाईंची पर्स पाहिली, मग बाईंना, मग काकूला. अशा बाया घरी आल्या की पुढे काय होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

“इथून दुसऱ्या घरी जावं लागलं तर चालेल ना गं तुला?” बाईंनी विचारलं.

पोरगी ताठ उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे गेले.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही माझी बॅग माळ्यावरून काढून द्याल का?”

“बघा,” बाई म्हणाल्या. “नीट बोलता येतं की तिला.”

पोरीला जवळ घ्यावं, गोड बोलावं, बाईंच्या डोळ्यांत चांगलं दिसावं, एवढं काकूलाही कळत होतं. तरी ती उठली. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हेही तिला कळत होतं.

“बॅगबिग काही मिळणार नाही!” ती कडाडली. “आधी ते दारातले बूट उचल! सकाळपासून सांगतेय. कान फुटले का तुझे?”

बाईंचं पेन थांबलं. पोरीने दारातल्या बुटांकडे पाहिलं. काकूचा जीव टांगणीला लागला. आता जर ही ‘उचलते हं, तुम्ही रागावू नका’ म्हणाली, तर संपलंच सगळं.

“नाही उचलणार!” ठिणगी किंचाळली. “तूच उचल! तू मला पाठवून देणार! तू खोटारडी आहेस! तू... तू...”

पुढचं तिला सुचेना. ती काकूच्या पोटावर बुक्क्या मारत सुटली, आणि मारता मारता तिथेच घट्ट चिकटली. खालून कुणीतरी काठीने छत ठोकलं. काकूने त्याहून जोरात पाय आपटला.

बाई उठल्या. चष्मा काढून त्यांनी उगाचच पुसला. दारातले बूट या वेळी त्या नीट ओलांडून गेल्या आणि उंबऱ्यापलीकडे थांबल्या.

“मंजुरी चालू ठेवते आहे,” त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. “पण एक नियम तुम्ही मोडला आहे.”

“कुठला?”

“आई म्हणू द्यायचं नाही, तो.”

“शपथेवर सांगते, बाई, एकदाही म्हणालेली नाही ती!”

“मग आत्ता इतका वेळ काय म्हणत होती?”