खारातली तोरं

गोकुळदासला ब्लडप्रेशर निघालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मीठ जरा बेतानं खा आणि उन्हात पाणी भरपूर प्या. त्याच्या बायकोनं, शेवंतीनं, मीठ पार बंदच करून टाकलं. डब्यातली पेज अळणी झाली, आणि पेजेला तोंडी लावायच्या, मिठाच्या खारातल्या तोरांची, त्या कोवळ्या कैऱ्यांची, बरणी माळ्यावर गेली. सुर्ल्याच्या खाणीवर भर मे महिन्यात खनिजाचा ट्रक चालवताना तो घामानं निथळायचा, आणि तिनं भरून दिलेला पाण्याचा कॅन गुणी पोरासारखा रिकामा करून आणायचा. शनिवारी आला तो डोकं धरूनच. ओकला, मग काहीबाही बरळायला लागला. “ऊन बाधलंय तुमका, वायच प्या हो,” म्हणत ती तांब्यामागून तांब्या पाजत राहिली, फिट येईपर्यंत. इस्पितळातले डॉक्टर खाली बघत म्हणाले, “अंगातलं मीठ घामावाटे गेलेलं, त्यावर नुसतं पाणी. मेंदू सुजला.” आता त्याचा देह घरी आणून ओसरीवर निजवलेला होता. थोरल्या जावेनं तुळशीचं पान घातलेलं पाण्याचं भांडं शेवंतीच्या हातात दिलं. “शेवटचं पाणी घाल गो तेका.” शेवंती रडली नाही. भांडं घेऊन आत गेली, माळ्यावर चढली, बरणी खाली काढली आणि पळीभर खार त्या पाण्यात ओतला. ओसरीवर येऊन तिनं भांडं त्याच्या ओठांशी नेलं, तर खाराचा वास येऊन जावेनं तिचा हात धरला. “गो, ह्या काय करतंस?” शेवंतीनं हात अलगद सोडवून घेतला. “नुसतं पाणी नको आता त्यांका,” ती म्हणाली.