चित्र आहे, आवाज नाही

ही गेल्यावर जुन्या संगणकावर लिनक्सचं मीडिया सेंटर टाकलं, आमच्या सहलींचे व्हिडिओ टीव्हीवर बघावेत म्हणून. चित्र लख्ख आलं, आवाज मात्र काही केल्या येईना. माझंच काहीतरी चुकलं असणार. मुलाला फोन लावला.

"चित्र दिसतंय ना बाबा? मग झालं की. सगळ्यांचे चेहरे दिसले म्हणजे पुरे. आवाजाचं मी सुट्टीत आलो की बघतो, तोवर मूकपट समजा."

"बरं," म्हणालो आणि पुन्हा सेटिंगमध्ये शिरलो. आवाजाचा एकेक पर्याय लावून बघत बसलो.



कॅमेरा कायम हिच्याच हातात असायचा. ही कुठेच दिसत नाही, फक्त बोलते.