एकटाच चढलो

अफाट बर्फातून वर आलेल्या काळ्या सुळक्याचं बारसं करायला राजधानीतून अधिकारी आला होता. वस्तीच्या सभागृहात सगळे कॉफी पीत बसले होते.

“नकाशात आता त्याला प्रोफेसर क्लिटगॉर यांचं नाव,” तो म्हणाला. “साठ वर्षांपूर्वी ते तिथे एकटे चढले.”

“एकटे?” म्हातारी इनालुक उसळून उठली. “कुत्र्यांच्या गाडीतून पायथ्याशी नेलं बाबांनी. दोर बांधून वर खेचलं बाबांनी. मग एकटे कसे रे?”

“आजी, ऐकीव गोष्टी नकाशात चालत नाहीत. आमच्याकडे लेखी पुरावा आहे.” त्याने वहीचं जुनं पान तिच्यापुढे धरलं. “शिखरावर बसून लिहिलंय: ‘मी एकटाच चढलो.’”

इनालुकने पान खिडकीच्या उजेडात नेलं. वाचता वाचता ती एकेका अक्षरावरून बोट फिरवू लागली.

“अरे, हे अक्षर माझ्या बाबांचं आहे! याच वळणावर मला गिरवायला लावायचे. तुमच्या प्रोफेसरची बोटं थंडीने बधिर झाली होती, पेन्सिल धरता येईना. तो सांगत होता आणि बाबा लिहीत होते. ‘एकटाच’ हा शब्दसुद्धा.”