अभिनंदनाचा मेसेज

"तुझे वडील येऊन गेले गं सकाळी," सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर कौतुकानं म्हणाल्या. "सगळ्यांना पेढे वाटले त्यांनी."

तपासणीच्या टेबलावर झोपलेली तेजश्री ताडकन उठून बसली. तिनं सुमेधशी पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा 'जातीबाहेर गेलेली पोर आम्हाला मेली' म्हणत वडिलांनी तिच्या नावानं अंघोळ केली होती. सुमेधला जिवंत सोडणार नाही, असा भावांचा निरोप होता. म्हणून दोघांनी जिल्हा सोडला, नंबर बदलले, फोटोसुद्धा कुठं टाकला नाही.

"त्यांना कसं कळलं?"

"मागच्या वेळी तुझी गरोदरपणाची नोंद केली ना? कॉम्प्युटर आपोआप मेसेज पाठवतो. अभिनंदन, अमुक दवाखान्यात नोंद झाली म्हणून. तुझ्या ओळखपत्राला अजून त्यांचाच मोबाइल जोडलेला आहे."

तेजश्री टेबलावरून खाली उतरली. "पत्ता नाही ना दिला माझा?"

सिस्टर गोंधळल्या. "अगं, म्हातारा माणूस रडत होता. लेकीला एकदा बघू दे म्हणाला..."

तिनं फोन लावला. रात्रपाळी करून सुमेध घरीच होता.

"सुमेध, आत्ताच्या आत्ता घरातून बाहेर पड!"

"अगं, तूच लवकर ये," तो हरखून, हळू आवाजात म्हणाला. "तुझे भाऊ आलेत, चौघंही. राग गेला म्हणतात. मला आहेर आणलाय."

त्याच्या मागं कुणीतरी आतून दाराला कडी घातल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.