पलीकडच्यांचा आकडा

"तुम्हा दोघांना मी वेगवेगळे आकडे सांगितलेत," लोरेन म्हणाली आणि बेगलवर चीज फासत राहिली. "खरा आकडा फक्त माझ्यापाशी आहे."

मारितने हातातला बेगल तसाच खाली ठेवला.

कंपनीची व्हिडिओ गेम खेळायची दोन यंत्रं आज दुपारी जाहीर व्हायची होती. एक महाग, एक स्वस्त. महागाच्या भावाची कुणाला फिकीर नव्हती. सगळ्यांचा जीव अडकला होता स्वस्ताच्या आकड्यात, म्हणजे भावात. ते विकून कंपनी मार खाणार, हे ठरलेलंच. पण गिऱ्हाईक त्याच्या किमतीला भुलून दुकानात येतं, आणि त्यात चार खेळसुद्धा धड मावत नाहीत हे कळलं की मुकाट महागाकडे वळतं. पोरांचा हट्ट आणि बापाची लाज, दुसरं काय! सगळी कमाई तिथे.

पण सिएटलच्या तळ्यापलीकडे दुसरी कंपनी होती. तिलाही हेच करायचं होतं, आणि तिची यंत्रं आज सकाळीच जाहीर होणार होती. तिला इथे सगळे नुसतं 'पलीकडचे' म्हणत.

"वेगवेगळे कशाला?" डेझमंडने विचारलं. दुकानदारांशी बोलणी करायचं काम त्याचं. भाव बसवायचं काम मारितचं, पण शेवटचा शब्द लोरेनचा; ती दोघांची साहेब. "आम्ही काय चोर आहोत?"

"दोघांपैकी एक आहे," लोरेन शांतपणे म्हणाली. "नाताळच्या सवलतीचा भाव आपल्या तिघांतच होता. तरी पलीकडचे आपल्या बरोब्बर दहा डॉलर खाली बसले. आज ज्याच्या आकड्याच्या खाली ते बसतील, त्याने सामान आवरायचं. कोर्टाचं नंतर बघू."

"नसते उद्योग तुमचे," डेझमंड पुटपुटला.

मारित हसली. हसावंच लागलं. तिचा आकडा होता तीनशे एकोणतीस, आणि तो तिने घरी सांगितला होता.

मुद्दाम नव्हता सांगितला. स्वयंपाकघरात वेस, तिचा नवरा, कांदा चिरत होता. तो म्हणाला, "एवढं तोंड पाडून का बसलीस?" आणि ती बोलून गेली, तीनशे एकोणतीस फार होतात म्हणून. वेस पलीकडच्यांकडेच नोकरीला होता. गेल्या वर्षी त्यांनी त्याला नारळ दिला. तेव्हापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. मात्र हल्ली तो बराच खुशीत असायचा. रविवारी डेझमंडबरोबर बोट घेऊन खेकडे धरायला जायचा, गाणी म्हणत परत यायचा. आपला माणूस सावरतोय, याचंच तिला केवढं बरं वाटलं होतं!

भिंतीवरच्या पडद्यावर पलीकडच्यांचा कार्यक्रम सुरू झाला. आधी खेळ, मग आणखी खेळ, मग टाळ्या. भाव नेहमी शेवटीच सांगतात. मारितला एकही खेळ दिसत नव्हता. वेसला फोन करावा असं तिला वाटलं. पण विचारणार काय? तू मला विकलंस का?

डेझमंड मात्र निवांत कॉफी पीत होता. बिनघोर माणूस असा असतो, तिच्या मनात आलं, आणि तिला त्याचा हेवा वाटला.

आली एकदाची किंमत. पडद्यावर भलेमोठे अंक उमटले. दोनशे एकोणनव्वद.

मारितने डोळे मिटले. आपला नाही. देवा, आपला नाही!

"डेझमंड," लोरेन म्हणाली, "तुला मी दोनशे नव्याण्णव सांगितले होते."

डेझमंडचा चेहरा पांढराफटक पडला. "मी पलीकडच्या कुणाशी बोललो नाही. मुलांची शपथ." मग त्याने मारितकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. तिला वाटलं, हा मदत मागतोय. तिने मान खाली घातली. तिच्यात तेवढी हिंमत नव्हती. रखवालदार त्याला दारापर्यंत घेऊन गेले.

दुपारी लोरेनने खरा आकडा सांगितला. दोनशे एकोणपन्नास. पलीकडचे साफ तोंडघशी पडले. कचेरीत आरडाओरडा, मिठ्या, केक. मारित आपला केक तसाच टेबलावर ठेवून घरी निघाली.

घरी वेसने खेकडे उकडायला टाकले होते. दारातच तिने त्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं.

"अगं, झालं काय?"

"मी फार वाईट आहे, वेस. दिवसभर तुझ्यावर संशय घेत होते. लोरेनने आम्हाला वेगवेगळे आकडे दिले होते. मला वाटलं, माझा फुटला आणि तू फोडलास." तिने नाक पुसलं. "फुटला डेझमंडचा. त्याला काढलं. वर कोर्टात खेचणार आहेत."

"वेडी कुठली! बस आधी. जेव." वेसने तिला खुर्चीत बसवलं, डोक्यावरून हात फिरवला. कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटलं. त्याने मोठ्यातला मोठा नांगा निवडून तिच्या ताटात ठेवला.

"डेझमंड बोटीत दोनशे नव्याण्णव म्हणाला, तेव्हाच मला शंका आली होती," तो लोणी वितळवत म्हणाला. "तू तर तीनशे एकोणतीस म्हणाली होतीस. म्हटलं, लोरेनबाईंनी सापळा लावलाय. पण पलीकडच्यांचे पैसे आधीच घेऊन बसलो होतो, काहीतरी कळवणं भाग होतं. आता तूच सांग, तुझा कसा कळवणार?"